ओला दगड खोटं बोलतो

माझ्या वडिलांना खाणीवर सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आई सांगते, मला झोपवायला ते गायला लागले की मी जागी होऊन भोकाड पसरायचे. त्यांचा कान होता दगडाचा. हातोडीचा एक टोला मारायचा आणि सांगून मोकळं व्हायचं: हा घ्या, तो फेका. चांगला दगड खणखणीत वाजतो, वाईट दगड बद्द वाजतो, यापलीकडे शास्त्र नाही असं त्यांचं मत होतं. खाणीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाकडे बाकी कशाची कमतरता असेल, मतांची नसते.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं: ओला दगड खोटं बोलतो. खाणीच्या तळाला झरे होते, त्यामुळे तिथला दगड बरेचदा ओलाच निघायचा. बाबा त्याला टोला मारायचे नाहीत. दोन दिवस उन्हात पसरून ठेवायचे आणि मग वाजवायचे. नव्या कामगाराने ओल्या दगडावर हातोडी उचलली तर ती हातातून काढून घ्यायचे.

मी हे कौतुकाने सांगत नाहीये, हे आधीच सांगून टाकते.

मी बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. वीस वर्षं झाली. मोठ्या कामाला खडी लागणार असेल तर आधी ती आमच्याकडे येते. आम्ही ती चाळतो, तोलतो, यंत्रात दाबून फोडतो, क्षाराच्या पाण्यात बुडवून भट्टीत वाळवतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा वाळवतो, आणि शेवटी किती टिकली आणि किती भुगा झाली ते लिहितो. या सगळ्याच्या आधी एक साधा नियम आहे. नमुना आमच्या माणसाने घ्यायचा, चालत्या पट्ट्यावरून, न निवडता. खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून येईल ती खडी घमेल्यात. नवीन लोकांना हा नियम मीच शिकवते आणि चुकला की मीच झापते.

आठ वर्षांपूर्वी आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीचं काम निघालं. खाणीचा जुना कडा संपत आला होता म्हणून नवा कडा फोडला. नमुना घ्यायला मी गेले. बाबा तेव्हा मुकादम होते, निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. पट्टा बंद होता, ऊन मी म्हणत होतं, आणि बाबांनी माझ्यासाठी पोतं भरून तयार ठेवलं होतं. त्यातला एकेक तुकडा वाळवलेला, वाजवलेला, सगळ्यात खणखणीत तेवढाच पारखून ठेवलेला. "तुझ्यासाठी चांगला नमुना काढून ठेवलाय," ते म्हणाले. लहानपणी माझ्यासाठी ताटातला चांगला घास बाजूला ठेवताना त्यांचा आवाज असाच असायचा.

पट्टा सुरू करायला लावणं माझं काम होतं. ते पोतं नाकारणंही माझंच काम होतं. पण चारचौघांत स्वतःच्या बापाला, तुमच्या कानावर माझा विश्वास नाही, असं कोण सांगणार? मी पोतं उचललं. खडी सगळ्या चाचण्यांत उत्तम गुणांनी पास झाली. न व्हायला काय झालं, नापास होणारे तुकडे त्यांनी आधीच बाहेर बसवले होते. ‘नमुना घेणार’ या चौकटीत मी सही केली.

मग गेल्या महिन्यात पाणीपुरवठ्याचा इंजिनियर माझ्या टेबलावर एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. हा माणूस प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘म्हणजे’ने करतो आणि शेवट करतच नाही. खोक्यात काँक्रीटच्या तळहाताएवढ्या खपल्या होत्या. टाकीच्या दोन कॉलमच्या बुडाशी त्या आपोआप सुटून पडत होत्या. मी एक खपली उलटी केली. मधोमध खडीचा तुकडा होता, बाहेरून काळा आणि मोडलेल्या जागी हिरवट. मी त्यावर नख टेकवलं. नख आत गेलं.

दगडात नख जाणं ही काय चीज आहे ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. 

काही काळ्या दगडांच्या पोटात, कणांच्या मधे, चिकणमाती दडलेली असते. दगड जमिनीखाली होता तेव्हाच ती तयार झालेली असते, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. कोरडी असते तोवर ती गुण्यागोविंदाने राहते आणि असा दगड वरून ट्रक गेला तरी हूं की चूं करत नाही. पण पाणी मिळालं की ती माती फुगते, वाळली की आकसते. प्रत्येक वेळी दगडाला आतून एक केसाएवढी चीर. पुढच्या वेळी पाणी त्या चिरेतून आणखी आत. काँक्रीटच्या आत बसलेली खडी अशी फुगली की वरचा पापुद्रा ढकलून देते, आणि मग पाण्याला आतला रस्ता मोकळा होतो. टाकीच्या वर सांडव्याच्या पाइपाचा जोड तीन वर्षं ठिबकत होता. टाकी भरली की त्या दोन कॉलमची बुडं भिजायची आणि दुपारी उन्हाने वाळायची. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही जे दहा दिवस करतो ते तिथे तीन वर्षं रोज चाललं होतं.

"म्हणजे, हे सिमेंटमुळे असेल ना?" इंजिनियरने विचारलं. सिमेंटवाला लांबच्या गावचा होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच सोयीचं झालं असतं.

दहा दिवसांत लेखी देते, असं मी सांगितलं. खरं म्हणजे दहा मिनिटांत सांगू शकले असते. लेखी मिळाल्याशिवाय त्याला टाकी पूर्ण रिकामी करता येणार नव्हती, अख्ख्या वस्तीचं पाणी होतं ते. तोवर टाकी निम्मीच भरायची आणि टाकीखालच्या खोल्यांना नोटीस द्यायची, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि स्वतःचं समाधान करून घेतलं. त्या खोल्यांमध्ये पाळणाघर आहे. बावीस मुलं दुपारी तिथे झोपतात. हे मला माहीत असताना मी दहा दिवस मागितले, कारण मला आधी घरी जायचं होतं.

बाबांच्या खोलीत कपाटावर दगडांची रांग आहे. खाणीचा प्रत्येक नवा कडा फोडला की त्याचा पहिला दगड त्यांनी घरी आणला. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचं ताट कधी विसळलं नाही तो दर आठवड्याला हे दगड फडक्याने पुसतो. टाकीसाठी फोडलेल्या कड्याचा दगड आणताना दुभंगला होता. अर्धा कपाटावर गेला, आणि उरलेला अर्धा आईने मागच्या नळाखाली, बादली टेकवायला घेतला होता.

मी मागे जाऊन पाहिलं. बादलीखाली वीट होती. आईला विचारलं, इथला दगड कुठाय?

"तो? तो विरघळला."

"आई, दगड विरघळत नाही."

"मग हा विरघळला. आधी पापुद्रे सुटले, मग चिखल झाला. गेल्या वर्षीच केरात टाकला मी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या बाबांना बोलले नाही. उगाच जेवायचे थांबले असते."

म्हणजे आमच्या घरातली तपासणी एक वर्ष आधीच पूर्ण झाली होती. निकालही लागला होता आणि केरात गेला होता.

जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. खपल्या, हिरवा रंग, नख. पोत्याचं तेवढं बोलले नाही. ते शांतपणे उठले, कपाटावरचा अर्धा दगड आणि हातोडी घेऊन आले आणि ताटाशेजारीच टोला मारला. खण्ण. "हा आवाज खराब दगडाचा आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हाच दगड पाण्यात घालू आणि बघू. "घाल. पाण्यात घाल नाहीतर दुधात घाल," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला बसले.

रोज संध्याकाळी दगड बादलीत, सकाळी गच्चीवर उन्हात. वाळला की बाबा तो वाजवायचे आणि माझ्याकडे बघायचे. पहिले तीन दिवस तो खणखणीत वाजला. मी म्हटलं, ओला असताना वाजवा. ते म्हणाले, ओला दगड खोटं बोलतो. हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

चौथ्या दिवशी पाळणाघरवाल्या बाई आल्या. वस्तीतली अर्धी तरुण पोरं यांच्या हाताखालून गेलेली. आवाज असा की झोपलेलं मूल उठेल, पण त्यांच्या आवाजाने मुलं झोपतात. त्यांनी इंजिनियरची नोटीस टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच बोलायला लागल्या. त्यांचं सगळं बोलणं बाबांशी होतं, मी तिथे नसल्यासारखं. खोल्या घेताना त्यांनी बाबांना मुद्दाम बोलावून नेलं होतं. बाबांनी सहाही कॉलम हातोडीने वाजवून पाहिले होते आणि सांगितलं होतं की खुशाल झोपवा मुलं, हा माझा दगड आहे. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्या म्हणाल्या. कागद काय, महिन्याला एक येतो. तुम्ही सांगा उठ, मी उठते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपाटावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "थोडं थांबा," ते म्हणाले. "दगड माझा आहे."

बाई निर्धास्त होऊन निघाल्या. मी दारापर्यंत जाऊन त्यांना सांगितलं की खडी खराब आहे, आजच मुलांना हलवा. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, लहानपणी लावायच्या तसा, आणि म्हणाल्या की वडील सांगतील तेव्हा बघू.

आत येऊन मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तुमचा कान आता शोभेला उरलाय, कपाटावर त्या दगडांशेजारी ठेवून द्या, असं म्हणाले.  पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. त्यांना विचार मीठ हवंय का, तिला विचार दार लावलं का, असा आईचा टपाल विभाग सुरू झाला. पण दगड पाण्यात घालायचं आणि काढायचं काम ते न चुकता करत होते. सहाव्या दिवशी त्याची एक कड सुटली. त्यांनी ती कड उचलून दगडाला लावून पाहिली, फुटलेल्या कपाचा कान लावून बघतात तशी.

सातव्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी गेले तर बाबा बादलीजवळ पाटावर बसले होते. दगड उन्हात न्यायची वेळ टळून गेली होती. दगड त्यांच्या डाव्या हातात होता, निथळत होता, आणि ते हातोडीने त्याच्यावर अगदी हलके टोले मारत होते. बद्द. बद्द. टोल्यागणिक थोडा हिरवट लगदा त्यांच्या तळहातावर पडत होता.

"हा आवाज मी ऐकलाय," ते म्हणाले.

त्यांनी दगड हातात फिरवला.

"कडा फोडला त्याच दिवशी. झऱ्याखालचा दगड होता, ओला. घाई होती म्हणून तसाच वाजवला. दहातले सहा असेच बोलले. मी म्हटलं, ओले आहेत. वाळवले. मग वाजायला लागले, काही जरा कमी."

"मग झालं तर. तुम्हाला काय माहीत."

"जुन्या कड्याचा दगड ओला असला तरी वाजायचा." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "ते मला माहीत होतं."

आई दारात येऊन उभी राहिली होती. ती परत आत गेली.

"मला वाटलं माझाच कान गेला," बाबा म्हणाले. "त्या वर्षी मला उजव्या बाजूने कमी ऐकू यायला लागलं होतं. तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. कानसेन बहिरा झाला म्हटल्यावर काय राहिलं? मग मी वाळवून वाळवूनच ऐकलं. कोरडा दगड मला ऐकू येत होता."

मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी त्यांचे ते लगद्याने भरलेले हात धुवावेसे वाटले. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. मी म्हटलं, "ते पोतं निवडलेलं होतं हे मला माहीत होतं, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग घेतलंस कशाला?"

"तुम्ही दिलंत म्हणून."

नळाचं ठिबकणं मला ऐकू येत होतं. त्यांना ते येत होतं की नाही कोण जाणे. मग त्यांनी हात धुतले, हातोडी पुसली आणि चप्पल शोधायला लागले.

आम्ही टाकीखाली पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. वाटेत मी इंजिनियरला फोन करून सांगितलं की खडीच खराब आहे, लेखी संध्याकाळी देते, टाकी आत्ता रिकामी करायला घे. तो म्हणजे, म्हणजे करत राहिला आणि मी फोन ठेवला. पाळणाघरात मुलं ओळीने झोपली होती. बाई बाहेर आल्या, बाबांच्या हातात हातोडी बघून त्यांचा चेहरा फुलला. बघा, मी म्हणतच होते की कानसेन येतील, असं त्या आतल्या मदतनीस मुलीला म्हणाल्या.

बाबा आधी कोरड्या कॉलमपाशी गेले आणि टोला मारला. खण्ण. मग ज्याचं बूड तीन वर्षं भिजत आलं होतं त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि पाण्याच्या डागाच्या जरा वर टोला मारला. आवाज ऐकून बाईंचं हसू गेलं. त्यासाठी कानसेन असावं लागत नव्हतं. दुसऱ्या टोल्याला एक खपली सुटून बाबांच्या पायावर पडली.

"बाई, मुलं हलवा," बाबा म्हणाले. "दगड माझा आहे, आणि तो वाईट आहे. मला तेव्हाच शंका आली होती. मी बोललो नाही."

 बाई आत गेल्या आणि मुलांना उठवायला लागल्या. रस्त्यापलीकडच्या शिवणवर्गाची खोली दुपारी रिकामी असते, तिथे न्यायचं ठरलं. मी दोन दोन मुलं कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होते. बाबांनीही हात पुढे केला, पण बाईंनी त्यांच्या हातात मूल दिलं नाही, अंथरुणं दिली. त्यांनी ती मुकाट्याने उचलली. टाकीच्या तळाच्या पाइपातून पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. बावीस मुलं, बावीस अंथरुणं, खेळण्यांच्या दोन टोपल्या आणि दुधाच्या बाटल्यांची पेटी, सगळं हलवायला पाऊण तास लागला.

शेवटचं मूल अंथरुणावर ठेवून बाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. नव्या खोलीच्या भिंतीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. "तुमच्या तिथे मशीनं आहेत ना? तेव्हा कुणी तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं," मी म्हटलं. "मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, खरंच माहिती हवी असल्यासारखं.

"मग ही खोली चांगली आहे की नाही, ते आता मी कुणाला विचारू?"

बाबांना बहुतेक ऐकू आलं नाही. त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला आणि मी त्यांना सांगेन म्हणून माझ्याकडे पाहत राहिले.